सिक्लिडच्या टँकमधली मारामारी कशी थांबवावी

टँकमध्ये मारामारी सुरू झाली की बहुतेक जण मार खाल्लेल्या माशाला बाहेर काढतात. दुकानदारही तेच सांगतात. तसं करू नका. मारणाऱ्याला काढा. ठाण्यात घोडबंदर रोडला राहून चार फुटी टँकमध्ये मी अकरा वर्षं मलावीचे सिक्लिड, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीत मासे, पाळतो आहे, आणि त्या उलट्या सल्ल्यापायी माझा मासा मेला आहे. टँक सायकल करणं (मासे सोडण्याआधी फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू वाढवणं), क्लोरीन काढणं, फिल्टर धुणं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

हे मासे का भांडतात, ते आधी समजून घ्या. मलावी सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे. तिथल्या खडकांत राहणाऱ्या या माशांना टोंगा भाषेत ‘म्बुना’ म्हणतात, म्हणजे खडकातला मासा. नर एखादी कपार धरतो, तिथेच मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला हाकलतो. हाकललेला मासा चार हात लांब गेला की विषय संपतो. आपल्याकडे चार फुटांवर काच लागते. पळणाऱ्याला लांब जाता येत नाही, आणि तो समोर दिसत राहतो म्हणून मारणाराही थांबत नाही.

खरं भांडण कोणतं

फूट-दीड फूट पाठलाग करून मासा आपल्या दगडाकडे परतला, तर ते रोजचं आहे. दोन नर तोंडात तोंड धरून ढकलाढकली करतात तेही बघवत नाही, पण सहसा मिनिटभरात मिटतं. नर आडवा होऊन थरथरतो ते मादीसाठी असतं. एखादी मादी गळा फुगवून कोपऱ्यात बसली असेल आणि खात नसेल, तर तिच्या तोंडात अंडी आहेत; साधारण तीन आठवडे ती तशीच राहणार, तिला मार बसतो आहे असं समजून जाळी घालू नका.

काळजी करायची ती अशा माशाची, जो वरच्या कोपऱ्यात, हिटरच्या किंवा फिल्टरच्या पाइपामागे पाण्याच्या वरच्या थराला चिकटून उभा राहतो. शेपूट फाटलेली, श्वास जोरात, आणि खाणं टाकलं तरी खाली येत नाही. असा मासा दिसला की त्याच दिवशी हालचाल करा.

मासे, पाणी, खाणं

एका नरामागे निदान तीन माद्या ठेवा. चार फूट बाय दीड बाय दीडच्या, म्हणजे सुमारे अडीचशे लिटरच्या टँकमध्ये म्बुना ठेवायचे तर वीसच्या आसपास ठेवा. पाच-सहाच असले तर सगळा मार एकाच्या वाट्याला येतो. गर्दी केली की फिल्टर दुप्पट आणि दर आठवड्याला चाळीस टक्के पाणी बदलणं आलंच. ते जमणार नसेल तर म्बुना पाळू नका. पालिकेचं पाणी यांच्यासाठी मऊ पडतं, म्हणजे त्यात क्षार कमी असतात, म्हणून तळाला कोरल सँड (पोवळ्यांची वाळू) घाला. सोसायटीत टँकर आला असेल तर ते पाणी तपासल्याशिवाय वापरू नका. खाणं स्पायरुलिनाचं, म्हणजे शेवाळाचं, थोडं थोडं, दोन कोपऱ्यांत एकदम. ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) अजिबात नाही, पोट फुगून मरतात.

पाणी तापलं की हे मासे जास्त चवताळतात. मे महिन्यात माझ्या टँकचं पाणी 31 अंशांपर्यंत जातं. झाकण उघडून वर जाळी टाका, पाण्यावर दोन छोटे पंखे लावा आणि 26च्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा.

मारणाऱ्याला बाहेर काढणं

इथेच मी पहिल्यांदा फसलो. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून केन्यी या म्बुनाच्या जातीची सहा पिल्लं आणली होती. केन्यीची पिल्लं सगळी निळी, उभ्या पट्ट्यांची असतात. माद्या निळ्याच राहतात आणि नर वयात आला की पिवळा होतो. माझ्यातला एक पिवळा झाला. टँकमध्ये आधीपासून यलो लॅब ही म्बुनाचीच दुसरी जात होती, तेही पिवळे. सिक्लिड सगळ्यात जास्त उठतो तो आपल्याच रंगाच्या माशावर. ही जोडी एकत्र ठेवायलाच नको होती, पण मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी मोठा यलो लॅब हिटरच्या मागे उभा दिसला. शेपटीचे कंगव्याच्या दातांसारखे उभे तुकडे झाले होते, आणि कुशीवर हिटरला टेकून भाजल्याचा पांढरा पट्टा उठला होता. एवढा चटका बसत असताना तो तिथून हलला नाही, कारण बाहेर केन्यी होता. मी यलो लॅबला काढून छोट्या टँकमध्ये ठेवला. तीन दिवसांनी त्याच हिटरमागे दुसरा यलो लॅब. त्यालाही काढला. मग एक निळा झेब्रा, हीही म्बुनाचीच जात. महिनाभरात चार मासे बाहेर आणि केन्यी अख्ख्या टँकचा मालक. भाजलेला यलो लॅब वाचला नाही.

मार खाणाऱ्याला काढलं की त्याची जागा रिकामी होते आणि मारणारा पुढचा मासा धरतो. वर, बाहेर काढलेला मासा बरा होऊन परत आला की तो टँकला पाहुणा ठरतो आणि पहिल्यापेक्षा जास्त मार खातो. जखम फार असेल तर त्यालाही वेगळं ठेवून उपचार करा, त्याला माझी ना नाही. पण मारणारा टँकमध्ये ठेवून नाही.

पकडायचं कसं? दिवसा जाळी घेऊन मागे लागलात तर तो दगडात शिरणार, बाकीचे सगळे घाबरणार आणि एखादा काचेवर आपटणार. रात्री दिवे बंद करून तास गेला की सुरुवात करा. पाणी एक तृतीयांश राहील एवढं स्वच्छ बादल्यांत काढून ठेवा, फेकू नका, तेच परत घालायचं आहे. मग एकेक दगड हळू उचला. म्बुना घाबरला की कपारीत घट्ट बसतो, त्यामुळे पुष्कळदा दगडाबरोबर तोही वर येतो. दगड पाण्यातून काढण्याआधी भोकात टॉर्च मारून बघा. उघड्या टँकमध्ये दोन जाळ्या वापरा, एक समोर धरा आणि दुसरीने हाकला. अर्ध्या तासात काम होतं.

त्याला दीड फुटी टँकमध्ये किंवा मोठ्या टबमध्ये, स्पंज फिल्टर आणि पीव्हीसी पाइपचा तुकडा घालून ठेवा. झाकण हवंच, हे मासे उडी मारतात. त्याच टँकमध्ये जाळीचा डबा लटकवून त्यात ठेवायचा सल्ला मिळेल. मी दोनदा करून पाहिलं. डब्यातून त्याला आपली कपार दिसत राहते आणि सोडल्याबरोबर तो थेट तिथेच जातो. त्याला टँक दिसताच कामा नये.

दगड पुन्हा रचा

दगड बाहेर आलेच आहेत, तर होते तसे ठेवू नका. नाहीतर दुसऱ्या नंबरचा नर रिकाम्या कपारीत बसतो आणि तेच सुरू करतो. नवीन रचना करताना एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाला दिसणार नाही असे दोन-तीन ढीग करा, निदान दोन तृतीयांश उंचीपर्यंत. प्रत्येक कपारीला दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाची कपार म्हणजे पळणाऱ्यासाठी सापळा. माशांपेक्षा कपारी जास्त हव्यात. साधा काळा दगड घासून धुऊन चालतो. खालचे दगड वाळूवर नाही, तळाच्या काचेवर पातळ फोमची शीट टाकून ठेवा, कारण हे मासे वाळू उकरतात, ढीग कोसळतो आणि काच जाते.

पहिले चार दिवस बाकीच्यांवर लक्ष ठेवा. कधी कधी दुसऱ्या नंबरचा पहिल्यापेक्षा वाईट निघतो. मग त्याचीही तीच गत करा.

परत सोडणं

दोन आठवड्यांच्या आत नाही. मी रंगावर ठरवतो. केन्यी टँकचा मालक असताना हळदीसारखा पिवळा होता. टबमध्ये दहा-बारा दिवसांत तो मळकट पडला, कडेचे पट्टे पुसट दिसायला लागले. तोपर्यंत थांबा. ज्या दिवशी सोडायचं त्या दिवशी दगडांची रचना पुन्हा बदला, निदान त्याची जुनी कपार तरी मोडाच. बाकीच्यांना पोटभर खायला घाला, दिवे बंद करा, आणि त्याला सगळ्यात शेवटी, अंधारात सोडा. नवा मासा आणाल तेव्हाही हाच क्रम, आणि एकटा आणू नका, तीन-चार एकदम आणा.

सकाळी दिवे लावायच्या आधी टॉर्च घेऊन वरचे दोन कोपरे आणि हिटरमागची जागा बघा. तिथे कोणी नसेल तर खाणं टाका आणि वर येणारी डोकी मोजा. माझा केन्यी दुसऱ्यांदा परत आला तेव्हा उजवीकडच्या लहान ढिगात गेला आणि तिथेच राहिला. त्याच्या आधीच यलो लॅब मी दुसऱ्या टँकमध्ये हलवले होते. दोनदा काढून, दोनदा दगड बदलूनही एखादा नर ऐकत नसेल तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नका; स्वतंत्र टँक असलेल्या माणसाला द्या आणि देताना त्याचा स्वभाव स्पष्ट सांगा.