वेब डेव्हलपमेंट शिकायचंय? आधी एक मराठी पान बनवायला घ्या

दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी विचारतंच, ताई वेब डेव्हलपमेंट शिकायचंय, कोणता कोर्स लावू? मी सगळ्यांना एकच सांगते, कोर्सचं नंतर बघू, आधी ओळखीतल्या एका माणसाला खरोखर लागणारं एक पान बनवायला घ्या, आणि ते मराठीत बनवा. मी हे मनापासून सांगतेय कारण नोकरीत इतकी वर्षं इंग्रजी साइटी बनवून जे कळलं नव्हतं ते मावशीच्या फराळाच्या भावपत्रकाने एका दिवाळीत शिकवलं.

मावशी दिवाळीला ऑर्डरी घेते. चकली, शंकरपाळे, अनारसे, चिरोटे, तिखटामिठाच्या पुऱ्या. आधी वहीवर भाव लिहून फोटो व्हॉट्सअ‍ॅपला टाकायची, मग तुपाचा भाव वाढला की परत नवीन फोटो, आणि लोक जुना फोटो दाखवून भांडायचे. म्हणून एक पान, एक लिंक, भाव बदलले की तिथेच बदलायचे. तुमच्याकडे मावशी नसेल तर गावातलं वाचनालय असेल, सोसायटीची पाण्याची वेळ असेल, काहीतरी असतंच.

सुरुवात साधी. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर टाका, एक एचटीएमएल फाइल उघडा (एचटीएमएल म्हणजे पानाचा मजकूर आणि रचना लिहायची भाषा) आणि सुरुवातीलाच तीन गोष्टी लिहा. हेडमध्ये, म्हणजे ब्राउझरसाठीच्या सूचनांच्या वरच्या भागात, कॅरसेट यूटीएफ-८, अक्षरं कशी साठवलीत ते सांगणारी ओळ, ही फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्येच यायला लागते, नाहीतर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसायची शक्यता असते. मग व्ह्यूपोर्ट, पान फोनच्या रुंदीला बसवायला सांगणारी ओळ, नाहीतर मोबाइलवर सगळं मुंगीएवढं दिसतं. आणि हेडच्याही वर, एचटीएमएल टॅगला लँग एमआर, म्हणजे भाषा मराठी. हे लोक सर्रास विसरतात. पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला भाषा त्यावरून कळते, शिवाय ज्या फाँटमध्ये आपल्या वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात तो फाँट ते वळण त्यावरून उचलतो. लँग एचआय लिहिलंत तर हिंदी वळण येणार. भावाचं कोष्टक टेबल टॅगमध्येच करा, ते खरंच टेबल आहे, उगाच डिव्ह नावाच्या साध्या डब्यांच्या ढिगात घालू नका.

आता वाचायचं कुठून. माझ्यासाठी पहिलं आणि शेवटचं ठिकाण एमडीएन, वेबच्या भाषा उदाहरणांसह समजावणारी साइट, मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेलं, पूर्ण फुकट. ते पुस्तकासारखं पहिल्या पानापासून वाचायला जाऊ नका, कंटाळाल. अडलं की गूगलमध्ये अडलेला शब्द आणि पुढे एमडीएन टाका, पानावरचं उदाहरण कॉपी न करता हाताने टाइप करा, चालवा, मग त्यातली एक गोष्ट मुद्दाम बदलून काय मोडतं ते बघा. ज्यांना कोणीतरी आखलेला रस्ता लागतो त्यांनी फ्रीकोडकॅम्प किंवा ओडिन प्रोजेक्ट यातलं एकच घ्यावं, दोन्ही फुकट आहेत. फ्रीकोडकॅम्पमध्ये ब्राउझरमध्येच छोटे छोटे धडे सोडवता येतात, ओडिन सुरुवातीलाच तुमच्या मशीनवर गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि एडिटर बसवायला लावतो म्हणून पहिला आठवडा जड जातो, पण माझं मत ओडिनच्या बाजूने आहे. फ्लेक्सबॉक्ससाठी, म्हणजे पानावरच्या गोष्टी ओळीत मांडायच्या पद्धतीसाठी, फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी नावाचा बेडकांचा खेळ आहे, २४ लेव्हल, एका संध्याकाळी होतो. जावास्क्रिप्ट, पानाला हालचाल देणारी भाषा, नीट मुळापासून समजून घ्यायची असेल तर जावास्क्रिप्ट डॉट इन्फो. बस, एवढं पुरे, बुकमार्क जमवत बसू नका.

खरी शाळा सीएसएसला, म्हणजे पान दिसेल कसं ते ठरवणाऱ्या भाषेला, सुरू होते. पान बनवलं, लिंक पाठवली, अर्ध्या तासात मावशीचा फोन, अगं चिरोट्यांची वेलांटी कापलीय, आणि वर नाव लिहिलंयस ना त्याच्या डोक्यावरची रेघ तुटल्यासारखी दिसतेय. माझ्या लॅपटॉपवर मी ते बघूनही मला दिसलं नव्हतं, सवयच नाही! मग शीर्षकावर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, आणि उजवीकडच्या सीएसएसच्या ओळींसमोरच्या टिका (बरोबरच्या खुणा) एकेक काढत गेले. लेटर स्पेसिंगची, म्हणजे दोन अक्षरांमधल्या अंतराची, टीक काढली आणि रेघ खटकन जोडली गेली. इंग्रजी साइटींवर शीर्षकाला दोन पिक्सेल लेटर स्पेसिंग द्यायची माझी सवय, इंग्रजीत अक्षरं सुटी असतात म्हणून छान दिसतं, आपली शिरोरेषा मात्र त्याने फाटते. वेलांटीचं कारण लाइन हाइट (ओळीची उंची) एक आणि त्यावर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर आलेलं कापून टाका. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं, दोन्हीकडे जागा लागते, तेव्हा मजकुराला लाइन हाइट दीडच्या पुढेच ठेवा, मी १.७ ठेवते. फाँटसाठी गूगल फाँट्सवर 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' आहेत, तिरो देवनागरी मराठी तर नावातच मराठी घेऊन आलाय. फाँट घेताना त्यात देवनागरी आहे ना ते बघा, नाहीतर इंग्रजी एका फाँटमध्ये आणि मराठी फोनच्या कुठल्यातरी फाँटमध्ये अशी खिचडी होते.

ही टिका काढून शोधायची पद्धत मी कुठल्याही कोर्सच्या वर ठेवेन. अंदाज बांधत कोड बदलत राहायचं नाही, एक गोष्ट बंद करायची, बघायचं, परत चालू करायची.

जावास्क्रिप्टमध्ये पहिला लाल एरर बहुतेक नल चा, म्हणजे 'काहीच सापडलं नाही' असा, येतो. कोड बरोबर असतो, पण स्क्रिप्ट हेडमध्ये असल्याने खालचं बटण तयार व्हायच्या आधीच ती पळते आणि तिला बटण सापडत नाही. बाहेरच्या फाइलची स्क्रिप्ट असेल तर टॅगला डिफर लावा, मग ती पान तयार झाल्यावरच पळते, झालं. एरर पूर्ण वाचा, त्यातला ओळीचा नंबर वाचा, लाल दिसलं की लगेच एआयला चिकटवू नका. एआयला विचारायला माझी ना नाही, मीही विचारते, फक्त जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती पानावर ठेवू नका.

भाव दाखवायला जावास्क्रिप्टच्या टू लोकेल स्ट्रिंगला एमआर-आयएन द्या, १५०००० चं आपोआप १,५०,००० होतं, लाखाचा स्वल्पविराम बरोबर जागी. नावाच्या रकान्याला अक्षरांची मर्यादा घालताना जपून, 'महाराष्ट्र' आपल्याला चार अक्षरं दिसतात पण जावास्क्रिप्टला लेंग्थ (लांबी) विचारलीत तर १० येते, कारण काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. आणि नावं लावताना साधा सॉर्ट वापरलात तर काळे आधी येतात आणि कावळे नंतर, कारण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या, तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलाय, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. जावास्क्रिप्टच्या इंटल कोलेटरला, भाषेनुसार क्रम लावणाऱ्या साधनाला, एमआर देऊन सॉर्ट करा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला पुऱ्यांनी. शोधात 'पुऱ्या' टाकलं की माझ्या फोनवर सापडायच्या, मावशीच्या फोनवर नाही, दोन्हीकडे शब्द हुबेहूब सारखा. एकेक चिन्ह ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (एरर दिसतात ती खिडकी) छापलं तेव्हा कळलं की तो चंद्रकोरीसारखा र दोन पद्धतींनी लिहिला जातो, एका कीबोर्डवर नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. नॉर्मलाइज फंक्शननेही हे एक होत नाही, शोधायच्या आधी स्वतःच रिप्लेस करून एका रूपात आणावं लागतं. अशा गोष्टींसाठी मी एक वही ठेवलीय, तारीख, मला काय वाटलं होतं, निघालं काय. तुम्हीही ठेवा, सहा महिन्यांनी तोच एरर येतोच.

फोटोंचं थोडक्यात. फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच टाकू नका, रुंदी आठशे पिक्सेलवर आणून वेबपी या हलक्या फाइलप्रकारात करा. आणि इन्स्पेक्टने उघडणाऱ्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम ३जी करून एकदा पान उघडून बघा, गावाकडे रेंज कशी असते माहितीय ना.

पान लोकांपर्यंत न्यायला गिटहब पेजेस, गिटने पाठवलेलं पान इंटरनेटवर ठेवायची सोय, फुकट आहे. गिटचे अ‍ॅड (बदल निवडा), कमिट (नोंदवा), पुश (वर पाठवा) एवढे तीनच आधी शिका. दर छोट्या बदलाला कमिट, आणि मेसेज असा की वाचून कळेल, 'चकलीचा भाव बदलला'. मग लिंक पाठवा त्या माणसाला, आणि तो स्वतःच्या फोनवर उघडत असताना शेजारी बसा. बोट कुठे जातं, कुठे थांबतं ते बघा, मध्ये बोलू नका. मावशीने सगळं खालपर्यंत सरकवलं, परत वर आली आणि म्हणाली, ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत घेणार ते कुठे लिहिलंयस? ते मी लिहिलंच नव्हतं. त्या रात्रीचा कमिट तोच होता.