तीन ते सहा वर्षांचे मूल, त्याची वाढ आणि त्याची प्रार्थना : या चुका टाळा

नाशिकमध्ये आठवडाभर बालवाडीत आणि रविवारी चर्चमधल्या संडे स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवताना मला पालकांच्या आणि नव्या शिक्षकांच्या त्याच त्या चुका दरवर्षी पाहाव्या लागतात. घर शरणपूरचे असो, नाशिकरोडचे असो किंवा देवळालीचे, चुकांचे मूळ बहुधा एकच असते : मुलाने काय म्हणून दाखवले हे सगळे ऐकतात, पण त्यातले त्याला काय समजले हे फारसे कोणी विचारत नाही.

पाठांतरालाच वाढ समजणे

काही वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमात एका चार वर्षांच्या मुलाने बायबलमधल्या, देवाला मेंढपाळ म्हणणाऱ्या तेविसाव्या स्तोत्राची सहाही वचने न अडखळता म्हटली. टाळ्या झाल्या, पाळकसाहेबांनी त्याच्या हातात खाऊ ठेवला. कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरून विचारले, "पाणी हवंय का तुला?" पेल्याकडे पाहत तो म्हणाला, "हवंय का तुला?" दोनदा विचारले, दोनदा तेच वाक्य परत आले. नावाने हाक मारली तर तो मान वळवत नव्हता, आणि मागच्या बाकावर कोणी बिस्किटाचा पुडा फोडला की लगेच वळत होता. मी त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगितले की एकदा तपासून घ्या. त्यावर आजोबा म्हणाले, "अहो बाई, अख्खं स्तोत्र पाठ आहे त्याला, आणि तुम्ही म्हणता बोलत नाही? त्याचा बापसुद्धा उशिराच बोलायला लागला होता." त्यांचा नातवावर जीव होता, म्हणूनच त्यांना ते ऐकवले नाही. त्यानंतर वर्षभर मी जेव्हा जेव्हा विषय काढला, तेव्हा तेव्हा ते स्तोत्र पुढे आले. अखेर कानांची तपासणी झाली, ऐकणे ठीक निघाले, मग बालविकासतज्ज्ञांनी तपासून स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान केले आणि वाचा-उपचार सुरू झाले. आता तो स्वतःच्या शब्दांत पाणी मागतो, पण हातचे गेलेले ते वर्ष मला अजून सलते.

ऐकलेले जसेच्या तसे परत म्हणणे हे दोन वर्षांच्या मुलात नेहमीचेच आहे. चौथ्या वर्षी बोलण्याचा मोठा भाग तोच असेल, तर पाठांतर कितीही असो, थांबून पाहावे. तीन वर्षांचे मूल "कोण", "काय", "कुठे", "का" असे प्रश्न विचारते आणि त्याचे बोलणे परक्या माणसालाही बहुतांशी कळते. चार वर्षांचे मूल चार किंवा अधिक शब्दांचे वाक्य बोलते, खेळात डॉक्टर किंवा वाघ होते, रडणाऱ्या मुलाजवळ जाऊन त्याची समजूत घालते. पाच वर्षांचे मूल निदान दोन प्रसंग असलेली गोष्ट सांगते आणि खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२२ साली सुधारलेल्या यादीत, त्या वयाच्या निदान ७५ टक्के मुलांना जे जमते तेच टप्पे ठेवले आहेत. म्हणून त्यातले काही जमत नसेल तर "होईल हळूहळू" म्हणून स्वस्थ बसू नये. एक टप्पा चुकला म्हणजे आजार आहे असे नाही, पण विचारायला जाण्यास तेवढे कारण पुरते. बोललेले शब्द मूल विसरू लागले, तर मात्र एक आठवडाही थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, आणि शंका असलेल्या मुलांना पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवले जाते. ही सोय मोफत आहे आणि ती वापरण्यात कमीपणा मुळीच नाही.

माझी सवय सांगते. वचन शिकवण्याआधी मी मेंढपाळाचे चित्र समोर ठेवते आणि एकच प्रश्न विचारते, "एक कोकरू हरवलं, आता तो काय करेल?" एक मुलगी म्हणाली, "आधी बाकीच्यांना घरात ठेवेल, दार लावेल, मग जाईल." तिला वचन अर्धेच येत होते, पण हरवलेल्याला शोधायला कोणीतरी निघते हे तिला उमगले होते आणि घरी राहिलेल्यांची काळजीही तिने केली होती. नवे शिक्षक मात्र घाईत असतात. पहिल्याच महिन्यात दहा वचने पाठ झाली पाहिजेत, म्हणजे पालक खूश. स्पर्धा आणि चॉकलेटे यांच्या जोरावर हे साधतेही, पण ईस्टरपर्यंत त्यातले निम्मे विसरलेले असते. मी पूर्ण सत्रात तीन किंवा चार वचनेच घेते आणि प्रत्येकाभोवती गोष्ट, चित्र व खेळ ठेवते. गती कमी वाटते, आणि ती तशीच असावी असे माझे मत आहे.

देवाचा धाक घालणे

"जेवला नाहीस तर येशू रागावेल." "तो वरून सगळं बघतोय हं." जेवणापासून झोपेपर्यंत हा आडमार्ग वापरणारी पुष्कळ प्रेमळ घरे मी पाहिली आहेत. या वयाचे मूल शब्द जसेच्या तसे घेते आणि घडणाऱ्या गोष्टींचे कारण स्वतःत शोधते. भाऊ तापाने फणफणला तर "मी त्याला ढकललं म्हणून" असे त्याला मनापासून वाटते. आमच्या वर्गातली साडेतीन वर्षांची एक मुलगी अचानक न्हाणीघरात एकटी जाईना. आईला आधी पाल किंवा झुरळ असावे असे वाटले. पुष्कळ दिवसांनी कळले की कोणीतरी तिला "देव बाथरूममध्येसुद्धा बघतो" असे बजावले होते, आणि तिला कपडे काढायची लाज वाटत होती.

अमेरिकी धर्मअभ्यासक जेम्स फाउलर यांनी १९८१ साली श्रद्धेचे जे टप्पे मांडले, त्यात साधारण तीन ते सात या वयाची श्रद्धा कल्पनेवर आणि जवळच्या मोठ्यांच्या वागण्याबोलण्यावर उभी राहते असे म्हटले आहे. माझा अनुभवही तसाच आहे. येशूने मुलांना जवळ घेतले, शिष्य त्यांना अडवत होते तेव्हा तो शिष्यांवर नाराज झाला, ही गोष्ट बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. मूल ती ऐकते, पण देव कसा असतो हे ते ती सांगणाऱ्याच्या आवाजावरून ठरवते. म्हणून माझ्या वर्गात शिस्तीच्या वाक्यात देवाचे नाव येत नाही. "खेळणी उचल, पाय अडखळेल" एवढे पुरते.

याच धाकाचा मऊ भाऊबंद म्हणजे मृत्यूवर पांघरूण घालणे. "आजी झोपली", "देवाला ती आवडली म्हणून त्याने नेली" असे सांगितले की मूल झोपायला घाबरते, किंवा आता देवाला आई आवडेल का या चिंतेत पडते. गेलेले माणूस परत येत नाही आणि त्याचे शरीर काम करत नाही, ही समज बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या सुमारास येते. दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर मेणबत्ती लावताना एका चार वर्षांच्या मुलाने आईला विचारले, "आजीला आत थंडी वाजत नाही का?" आईने डोळे पुसत त्याला गप्प केले. उत्तर सरळ द्यावे : शरीर थांबले आहे, त्याला थंडी, भूक, दुखणे काही कळत नाही. त्यानंतर, आपला विश्वास आहे तसा, आजी प्रभूजवळ आहे हे सांगावे. दोन्ही वाक्ये याच क्रमाने सांगावीत, आणि मुलाने पुन्हा पुन्हा विचारले तर न कंटाळता पुन्हा सांगावीत.

बाकीच्या नेहमीच्या चुका

हात धरून अक्षरे गिरवून घेणे बंद करावे. तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याच्या आसपास अधिकचे चिन्ह आणि पाचव्याच्या सुमारास त्रिकोण, असा हात तयार होतो. तोवर मटार सोलणे, कणकेचे गोळे करणे आणि कागद फाडणे यांतून बोटांना जे बळ येते ते वहीतून येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत ठरवून खेळावर भर दिला आहे.

पाच वर्षांचे मूल एका कामात पाच ते दहा मिनिटे रमते. दीड तासाच्या उपासनेत ते चुळबुळ करते याला अश्रद्धा म्हणू नये. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत रांगेत उभे राहायचे असेल तर पाणी, खाऊ आणि लघवीची सोय आधी पाहावी, भक्तीच्या गोष्टी नंतर.

चार वर्षांच्या मुलाच्या थापेला लगेच पाप म्हणू नये. आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसते, हे त्याला नुकतेच कळू लागलेले असते.

घरात मराठी, आजोळी कोकणी आणि शाळेत इंग्रजी असल्याने बोलणे अडते, ही समजूत सोडावी. अडचण असेल तर ती सगळ्याच भाषांत दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडद्यासमोर बसावे, निदान तीन तास हालचाल करावी आणि दहा ते तेरा तास झोपावे. मोबाइलवरची बायबलची गाणी त्या एका तासातच मोजावीत.

रात्रीची प्रार्थना मोठ्यांनी मुलाच्या तोंडात घालू नये. आपण एक वाक्य म्हणावे आणि मग थांबावे. मूल "येशू, माझ्या सायकलचं चाक नीट कर" म्हणाले तर ते सुधारू नये, आमेन म्हणावे आणि सकाळी त्याला सोबत घेऊन चाकात हवा भरावी.