गुडघे दुखतात म्हणून बसून राहताय? या चुका टाळा

पन्नाशी-साठीच्या पुढे गुडघा कुरकुरायला लागला की आपल्या नाशिकमध्ये घरातली मंडळी आधी काय करतात? "आई, तू आता पांडवलेणीला येऊ नकोस, पायऱ्या आहेत." मग वणीच्या देवीला जाणं बंद होतं, काळाराम मंदिरात पायी जाणं बंद होतं आणि शेवटी कोपऱ्यावरून भाजी आणणंही बंद होतं. हे सगळं मायेपोटीच चालतं, पण गुडघ्याचं सगळ्यात जास्त नुकसान याच मायेनं होतं.

वयोमानाच्या गुडघेदुखीत हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, कडेला हाड वाढतं, आतलं अस्तर सुजतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो द्रव हालचालीनंच खेळता राहतो. त्यात भर मांडीच्या पुढच्या स्नायूची. पाऊल टाकताना बसणारा हादरा तो झेलतो. माणूस बसून राहिला की काही आठवड्यांत तो बारीक होतो, भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं आणि माणूस आणखी बसतो. हे चक्र तोडायला गोळी पुरत नाही.

म्हणून व्यायाम. पलंगावर पाय लांब करा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा. पाच ते दहा सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ते जमू लागलं की सरळ पाय वीतभर उचलून धरायचा. त्यानंतर हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं. फरक जाणवायला दीड-दोन महिने लागतात. बहुतेक लोक दहा-बारा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात, आणि मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं.

चालण्याचीही भीती नको. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सुरुवातीला दहा मिनिटं पुरे, हवं तर दिवसातून दोनदा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या गारठ्यात जाण्याचा हट्ट मात्र सोडा. थंडीनं झीज वाढत नाही, पण सांधे आखडतात. ऊन पडू द्या, मग निघा. किती चालायचं हे दुसऱ्या दिवशीचा गुडघा सांगतो. चालताना थोडं दुखलं आणि काही तासांत शमलं, तर ठीक. दुसऱ्या दिवशीही दुखणं चढलेलं किंवा सूज असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं. अंतर कमी करा, थांबू नका.

एक्स-रे पाहून "सांध्यातला गॅप कमी झालाय" असं सांगितलं की कित्येक जण खचतात. एक्स-रेवरची झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. फोटोत गुडघा पार झिजलेला, पण माणूस आरामात फिरतोय, असंही दिसतं आणि याच्या उलटही. एक्स-रे काढायचाच तर उभं राहून काढलेला हवा, झोपून काढला तर सांध्यातलं खरं अंतर कळत नाही. नेहमीच्या झिजेसाठी एमआरआयची सहसा गरज नसते.

औषधांच्या चुका जास्त धोक्याच्या. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणायची आणि महिनोन्महिने रोज घ्यायची, हे सर्रास चालतं. यानं पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो. बीपी-शुगर असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. त्याच औषधाचं जेल गुडघ्यावर लावणं तुलनेनं बरंच सुरक्षित आहे. लेबल नसलेल्या पुड्यांपासून मात्र लांब राहा. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या, अशी भेसळ सापडलेली आहे. तेल चोळून बरं वाटतं, खुशाल चोळा, पण तेलानं कूर्चा परत येत नाही. सुजलेल्या, गरम गुडघ्याला मालिश नको, तिथे कापडात गुंडाळलेला बर्फ. आखडलेल्याला शेक.

वजनाचा विषय कुणालाच आवडत नाही. वजन जास्त असलेल्यांत एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. उपवासाच्या नावाखाली दोन वेळा साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर हा हिशेब उलटा फिरतो.

आता बसण्याच्या सवयी. लासलगाव, पिंपळगावकडे कांदा निवडणाऱ्या बायका तासन्‌तास उकिडव्या बसतात. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावर मोठा दाब येतो. बुटकं स्टूल घेतलं आणि अर्ध्या तासानं उठून दोन मिनिटं फिरलं, तरी फरक पडतो. घरात भारतीय शौचकूप असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, ती आणण्यात कसला कमीपणा? काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उतरताना गुडघ्याला जास्त त्रास होतो, म्हणून सप्तशृंगी गडावर पाचशेच्या आसपास पायऱ्या चढायची हौस आणि ताकद असेल तर चढा, येताना ट्रॉलीनं या.

काही लक्षणं वयाच्या नावावर खपवू नका. गुडघा लाल-गरम होऊन ताप येणं, पायावर भारच न पेलणं, गुडघा अडकून बसणं, पोटरी अचानक सुजणं, यांत त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल किंवा हाताची बोटंही सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो, त्याचे उपचार वेगळे.

सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय नुसता एक्स-रे पाहून घेऊ नका. व्यायाम, वजन, औषध हे सगळं नीट करूनही रात्री झोप लागत नसेल, घरातल्या घरात फिरणंही जड जात असेल, तर मात्र भीतीनं वर्षानुवर्षं लांबवूही नका. तारीख घेण्याआधी साखर आटोक्यात आणा आणि नंतरच्या दोन-तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीसाठी घरातलं कोण वेळ देणार, हे बसून ठरवा.