आघात-सजग नेतृत्व : सामाजिक कामात नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

सामाजिक बदलाच्या कामात येणाऱ्या नव्या माणसाच्या लवकरच लक्षात येते की, मदत करणारा आणि मदत घेणारा अशी सरळ विभागणी येथे फारशी टिकत नाही. ज्यांच्यासाठी काम चालते त्यांनी हिंसा, विस्थापन, अपमान किंवा जवळच्यांचे मृत्यू सोसलेले असतात, आणि ज्यांच्या हाताखाली आपण काम शिकतो त्यांच्यातलेही कित्येक जण अशाच अनुभवांतून या क्षेत्राकडे वळलेले असतात. हिंसेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांबरोबर, आणि पुढे कार्यकर्त्यांच्या गटांचे समन्वयन करताना, माझे असे मत बनत गेले की आघात-सजग नेतृत्वाचा, म्हणजे माणसांनी सोसलेल्या आघातांचे परिणाम ओळखून त्यांच्याशी वागणाऱ्या नेतृत्वाचा, खरा कस बैठका, रजा, निर्णय आणि पैसा अशा रोजच्या व्यवहारांत लागतो. समुपदेशनाचे कौशल्य अर्थातच उपयोगी पडते. पण ज्या संस्थेचा कारभार माणसांना सतत धास्तीत ठेवतो, तेथे उत्तम समुपदेशकाचाही फारसा उपयोग होत नाही.

या विषयाचा इतिहास नवागतांनी जरूर वाचावा, कारण त्याची मुळे चळवळींमध्येच आहेत. आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत १९८० साली समाविष्ट झाले. त्याआधी, १९७०च्या सुमारास, व्हिएतनाममधून परतलेल्या युद्धविरोधी सैनिकांनी न्यूयॉर्कमध्ये सरकारी रुग्णालयांच्या चौकटीबाहेर आपापसांत बोलण्याचे गट सुरू केले होते आणि रॉबर्ट लिफ्टन व खाइम शॅटन हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांत सहभागी झाले होते. त्याच दशकात स्त्रीमुक्ती चळवळीतील गट बलात्काराचे आणि घरगुती हिंसेचे परिणाम उघडपणे मांडत होते. आपल्या दुःखाला नाव देण्याचा अधिकार माणसांनी एकत्र येऊन मिळवला, हा या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

सामूहिक आघात ही वैयक्तिक आघातांची नुसती बेरीज नसते, हे समजून घेण्यासाठी बफेलो क्रीकचे उदाहरण फार उपयोगी आहे. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कोळसा खाणीतील गाळपाणी अडवणारा बांध फुटला. १२५ माणसे मेली आणि सुमारे चार हजार बेघर झाली. वाचलेल्यांना तात्पुरती घरे देताना कोण कोणाचा शेजारी होता याचा विचार झाला नाही, त्यामुळे वर्षानुवर्षांचे शेजार विखुरले. समाजशास्त्रज्ञ काई एरिक्सन यांनी १९७६ साली या समुदायाविषयी लिहिताना दाखवून दिले की, पुराचा धक्का हा एक आघात होता आणि माणसांना धरून ठेवणारे नाते तुटणे हा दुसरा. येथे नेतृत्वासाठी थेट धडा आहे. घरवाटपाची यादी करणे हे कारकुनी काम वाटते. पण ती यादी कोणत्या क्रमाने लावली, कोणाला विचारून लावली, यावर एखादी वस्ती पुन्हा उभी राहील की नाही हे पुष्कळ अंशी ठरते.

तत्त्वांची ओळख थोडक्यात पुरे. अमेरिकेतील ‘साम्हसा’ या मानसिक आरोग्य व व्यसनविषयक सरकारी संस्थेने २०१४ साली मांडलेल्या चौकटीत सुरक्षितता, विश्वासार्हता व पारदर्शकता, समदुःखींचा आधार, सहकार्य, स्वतःचा आवाज व निवड, आणि सांस्कृतिक, ऐतिहासिक व लिंगभावविषयक प्रश्नांचे भान अशी सहा तत्त्वे आहेत. प्रशिक्षणात ती पाठ होतात, परंतु आचरणात आणताना ती फार किरकोळ दिसणाऱ्या गोष्टींमध्ये उतरवावी लागतात.

उदाहरणार्थ, विश्वासार्हता. जी व्यक्ती दीर्घकाळ दुसऱ्याच्या लहरीवर जगलेली असते, ती अचानक होणाऱ्या बदलांकडे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक बारकाईने पाहत असते. ठरलेली बैठक न कळवता पुढे ढकलणे, बैठकीत आयत्या वेळी अनोळखी पाहुणे आणून बसवणे, किंवा ‘बघू, करू’ असे मोघम उत्तर देणे, यांतल्या प्रत्येक गोष्टीतून तिला जुन्याच परिस्थितीची खूण पटते. म्हणून विषयपत्रिका आधी देणे, कोण येणार हे सांगणे, बदल झाल्यास कारणासह कळवणे आणि जे जमणार नाही त्याला स्पष्ट नकार देणे या सवयी नव्या कार्यकर्त्याने पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. मऊ शब्दांत दिलेल्या खोट्या आशेपेक्षा वेळेवर दिलेला नकार लोकांना अधिक आधार देतो, असा माझा अनुभव आहे.

याहून नाजूक प्रश्न अनुभव सांगायला लावण्याचा आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रीला तीच हकीकत पोलिसांपुढे, डॉक्टरांपुढे, न्यायालयात आणि वर आपल्या संस्थेतही सांगावी लागते. त्यात देणगीदारांना अहवालासाठी ‘यशोगाथा’ हव्या असतात. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या १९९६ साली सुरू झाल्या, तेव्हा साक्षी अनेक भाषांमध्ये पोहोचवणाऱ्या दुभाष्यांना पीडितांचे आणि अत्याचार करणाऱ्यांचे बोलणे ‘मी’ म्हणूनच मांडावे लागत असे, आणि त्यांच्यातील अनेकांना त्याचा गंभीर मानसिक त्रास झाला. साक्षीची किंमत केवळ साक्षीदारच मोजत नाही, ती ऐकणाऱ्याकडूनही वसूल होते. आमच्या गटात त्यामुळे काही नियम रूढ झाले: हकीकत एकदाच नोंदवायची आणि संबंधित सहकाऱ्यांना ती सांगणाऱ्या व्यक्तीच्या संमतीनेच दाखवायची, लिहिलेले तिला वाचून दाखवायचे, आणि छापण्यापूर्वी कोणत्याही क्षणी, कारण न देता, ती मागे घेण्याची मुभा ठेवायची. एखादी हकीकत अशी मागे घेतली गेल्यास अहवालातील तेवढी जागा रिकामी राहते. देणगीदाराला ते समजावून सांगणे हे नेतृत्वाचे काम आहे, क्षेत्रकार्यकर्त्याचे नव्हे.

ऐकणाऱ्यावर होणाऱ्या अशा परिणामाला मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली परोक्ष आघात असे नाव दिले. जगाविषयीचा विश्वास उडणे, झोप बिघडणे, घरच्यांविषयी अकारण भीती वाटणे किंवा उलट कशाचेच काही न वाटणे ही त्याची नेहमी आढळणारी लक्षणे आहेत. बर्नआउट ही त्याच्याशी जवळची, पण वेगळी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून आहे. कारण कामाच्या ठिकाणी असेल तर उपायही तेथेच शोधायला हवा. तरीही थकलेल्या कार्यकर्त्यांना वर्षातून एकदा ध्यानशिबिराला पाठवायचे आणि परतल्यावर पुन्हा दोन माणसांचे काम एकाच्या डोक्यावर ठेवायचे, असा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. (शिबिराची छायाचित्रे मात्र वार्षिक अहवालात हमखास येतात.) गंभीर प्रकरणांची संख्या प्रत्येक कार्यकर्त्यामागे मर्यादित ठेवणे, कठीण साक्षीनंतरचा अर्धा दिवस मोकळा ठेवणे आणि नियमित पर्यवेक्षण, म्हणजे अनुभवी व्यक्तीशी कामाविषयी व त्याच्या ताणाविषयी बोलण्याची ठरलेली सोय, देणे हे उपाय कमी आकर्षक आहेत, पण उपयोगी पडतात. पर्यवेक्षण करणारी व्यक्ती आणि पगारवाढ ठरवणारी व्यक्ती शक्यतो वेगळी असावी, कारण जिच्या हाती आपली नोकरी आहे तिच्यासमोर सहसा कोणी आपला थकवा कबूल करत नाही.

एका गैरसमजाविषयी सावध करणे आवश्यक वाटते. आघात-सजग असणे म्हणजे कोणालाच काही न बोलणे, असा अर्थ काही गटांमध्ये घेतला जातो. एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता सहकाऱ्यांवर ओरडतो, हिशेब देत नाही, आणि त्याने खूप सोसले आहे म्हणून सगळे गप्प राहतात. त्या शांततेची झळ बहुधा सर्वांत कनिष्ठ आणि सर्वांत नव्या माणसांना बसते. सोसलेल्या दुःखामुळे वागणे समजून घेता येते, पण त्याची जबाबदारी टळत नाही. तक्रार कोठे करायची, ती कोण पाहील, किती दिवसांत उत्तर मिळेल आणि तक्रार करणाऱ्याचे संरक्षण कसे होईल हे लेखी ठरलेले असणे, ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे.

उत्साही नवागतांकडून आणखी एक गोष्ट सहज घडते. मोठी दुर्घटना घडली की लोकांना लगेच गोलात बसवून मन मोकळे करायला सांगण्याचा मोह होतो. एकाच बैठकीत असे बोलते केल्याने पुढील आघातोत्तर विकार टळतो, याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही, उलट काहींना त्याने अपाय होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी २०११ साली प्रसिद्ध केलेली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका पाहा, ऐका, जोडून द्या या तीन कृतींवर उभी आहे आणि बोलण्याची सक्ती करू नका असे ती बजावते. नव्याने काम सुरू करणाऱ्याने पहिले प्रशिक्षण याचेच घ्यावे, असे मी सुचवेन.

मग सामूहिक उपचार प्रत्यक्षात दिसतो तरी कसा? मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडलेल्या क्रमात आधी सुरक्षितता, नंतर आठवण आणि शोक, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा जोडले जाणे येते. माझ्या पाहण्यात तिसरा टप्पा अनेकदा पहिल्याच्या पोटातच सुरू होतो. बायकांनी एकत्र बसून अर्ज लिहिणे, स्वतःच्या बचतीचे नियम स्वतः ठरवणे, मृतांचा स्मृतिदिन कसा पाळायचा यावर वाद घालून अखेर एकमत करणे, यांतून गेलेला ताबा थोडाथोडा परत येतो, आणि त्या दरम्यान कोणीतरी न विचारता बोलू लागते. अशा वेळी कार्यकर्त्याने ऐकावे, काम थांबवण्याची घाई करू नये आणि झालेल्या संवादाचा लगेच ‘कार्यक्रम’ बनवू नये.

संस्थेत रुजू होण्यापूर्वी मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारावेत. पर्यवेक्षण कोण देते, मागील वर्षी किती जण सोडून गेले आणि त्यांच्याशी जाताना कोणी बोलले का, रात्री येणारे फोन कोण घेते आणि त्याची बदली रजा मिळते का, या प्रश्नांवरून ध्येयवाक्यापेक्षा अधिक माहिती मिळते. शेवटी, ज्यांना तज्ज्ञ उपचारांची गरज आहे अशांना पाठवण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ, वकील आणि निवारागृहे यांची यादी संस्थेकडे आहे का हे पाहावे, आणि असल्यास तिच्यातील क्रमांक अजून चालू आहेत का, हे रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वतः फोन करून तपासून घ्यावे.