१ ऑगस्टपूर्वी: बोटीच्या इंजिनाची आणि सोबत न्यायच्या सुट्या भागांची तयारी

महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. जुलैच्या मध्यापासून हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड येथे शाकारून ठेवलेल्या बोटींवर लगबग सुरू होते. रंग, जाळी, बर्फ आणि परवाने यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. इंजिन मात्र सेल्फ मारल्यावर सुरू झाले की ठीक आहे, असे समजले जाते. ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्र अजून शमलेला नसतो आणि दोन महिने बंद असलेले इंजिन नेमके त्याच पाण्यात पहिल्यांदा पूर्ण भार ओढते. म्हणून पुढील कामे बोट पाण्यात लोटण्याच्या किमान पंधरा दिवस आधी हाती घ्यावीत, म्हणजे एखादा भाग बाहेरगावाहून मागवावा लागला तरी वेळ हाताशी राहील.

सुरुवात डिझेलच्या टाकीपासून करावी. पावसाळ्यात अर्धवट रिकाम्या टाकीत दमट हवा असते, तिचे पाणी आतल्या पत्र्यावर धरते आणि डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भिडतात तिथे काळसर, बुळबुळीत थर वाढतो. बोट धक्क्याला असताना हा गाळ जागेवरच राहतो, पण लाटांचे हेलकावे सुरू झाले की तो ढवळून निघतो आणि फिल्टर चोंदवतो. टाकीच्या तळाचा कॉक उघडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे, बाटली काही वेळ स्थिर ठेवावी आणि तळाशी पाण्याची रेघ दिसत असेल तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहावे. त्यानंतरच नवे फिल्टर बसवावेत. आधी बसवले तर ते पहिल्याच फेरीत भरतील.

फिल्टर बदलला की लाईनमध्ये हवा शिरते. ती काढता येणारे दोघे जण तरी बोटीवर असलेच पाहिजेत. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारत राहावे, फेस थांबून डिझेलची अखंड धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळावा. तेवढ्याने इंजिन सुरू झाले नाही तर जुन्या पद्धतीच्या इंजिनांत इंजेक्टरकडचे नट थोडे सैल करून सेल्फ मारतात; कॉमन रेल इंजिनावर (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनावर) मात्र हे नट कधीही सैल करू नयेत, कारण तिथल्या डिझेलचा दाब इतका असतो की बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. हा सराव धक्क्यावर, दिवसा उजेडी करून घ्यावा.

समुद्राचे पाणी खेचून थंड होणाऱ्या इंजिनात पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) हा सर्वांत नाजूक भाग आहे. दोन महिने एकाच जागी थांबल्यामुळे त्याची काही पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात. पंपाचे झाकण काढून प्रत्येक पाते बोटाने वाकवून पाहावे आणि मुळाशी बारीकशी चीर दिसली तरी इंपेलर बदलावा. एखादे पाते तुटून गायब असेल तर नवा इंपेलर बसवून काम संपत नाही. तो तुकडा पुढे कूलरच्या तोंडाशी अडकून पाणी अडवतो, त्यामुळे तो शोधून काढावाच लागतो. याच वेळी पाणी आत घेणारा कॉक हाताने उघडझाप होतो का हे पाहावे, गाळणी धुवावी, रबरी पाईप दाबून पाहावेत आणि गंजलेले क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे घालावेत.

तेल बदलण्यापूर्वी जुन्या तेलाकडे नीट पाहावे. ते दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. पातळी वाढलेली असून तेल पातळ झाले असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल गळते आहे. दोन्ही बाबतीत नुसते तेल बदलून समुद्रावर जाणे धोक्याचे आहे. गिअरबॉक्सचे तेलही याच नजरेने तपासावे.

बोट किनाऱ्यावर आहे तोवर पंखा (प्रोपेलर), शाफ्ट आणि पंख्याऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या वड्या पाहून घ्याव्यात. अर्ध्याहून अधिक झिजलेली वडी बदलावी आणि तिच्यावर रंग अजिबात लावू नये, कारण रंग लावलेली वडी झिजत नाही आणि गंज पंख्याकडे वळतो. ग्लँडची दोरी (शाफ्टभोवतीने पाणी आत येऊ नये म्हणून भरायची) नवी भरताना प्रत्येक वेढा वेगळा कापावा आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत. शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत आहेत का, ही तपासणी मात्र बोट पाण्यात एक-दोन दिवस राहिल्यावर करावी. लाकडी बोटीचा आकार पाण्यात थोडा बदलतो.

आउटबोर्ड यंत्राच्या लहान होड्यांना प्लग, इंपेलर आणि खालच्या गिअरचे तेल एवढे पाहिले की बरेचसे काम झाले. बॅटरीची टोके घासून ग्रीस लावावे आणि १२ व्होल्टची बॅटरी काही तास विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते का ते तपासावे.

आता सुटे भाग. डिझेल फिल्टरचे दोन-तीन संच, इंपेलर, प्रत्येक मापाचा बेल्ट, पाईपचे तुकडे व क्लॅम्प, एकदा पूर्ण बदलता येईल एवढे इंजिन तेल, गिअर तेल, ग्लँडची दोरी, फ्यूज, वायर आणि तळाच्या प्रत्येक भोकाच्या मापाची लाकडी खुंटी एवढे तर बोटीवर हवेच. पण भाग आहे आणि त्याचे गॅस्केट नाही, किंवा गॅस्केट आहे आणि त्या नटाचा पाना नाही, अशी अवस्था अनेक बोटींवर दिसते. म्हणून भाग, त्याचे गॅस्केट व तांब्याचे वॉशर आणि त्याला लागणारे पाने एकाच पिशवीत बांधून वर नाव लिहावे आणि सगळ्या पिशव्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवाव्यात. माझा ठाम आग्रह असा की नवा भाग बंदरातच इंजिनाला बसवावा आणि काढलेला, पण अजून चालू स्थितीतला जुना भाग पिंपात ठेवावा. दुकानदाराने दिलेला बेल्ट अर्ध्या इंचाने आखूड आहे हे मग धक्क्यावरच कळते, आणि बसवणाऱ्याचा हातही त्या जागी एकदा फिरलेला असतो.

शेवटी खाडीत तासभर, पूर्ण भाराने चाचणी घ्यावी. धक्क्याला बांधून मंद गतीने चालवणे ही चाचणी नव्हे. तापमान, तेलाचा दाब, बाहेर पडणारे पाणी आणि धुराचा रंग तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) स्वतः पाहावा. समुद्रात इंजिन बंद पडले तर पाना हातात घेण्याआधी खोली पाहून नांगर टाकावा आणि व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर जवळच्या बोटींना आपली जागा कळवावी. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा आणि नांगराचा दोर खोलीच्या किमान पाचपट लांब आहे का, हे बोट लोटण्याच्या आदल्या दिवशी मोजून घ्यावे.