बद्धकोष्ठासाठी प्रोबायोटिक घेताय? आधी पाकिटावरचं नाव वाचा

प्रोबायोटिक म्हणजे पोटासाठी घ्यायचे जिवंत सूक्ष्मजीव. मेडिकलमध्ये नुसतं ‘प्रोबायोटिक द्या’ म्हणू नका, जुलाबावरचं हातात पडू शकतं. बॅसिलस क्लॉसी आणि सॅकॅरोमायसिस बोलार्डी (हे तर यीस्ट, जिवाणूही नव्हे) मुख्यतः जुलाबासाठी देतात. तुम्हाला हवं ते बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस, आणि त्यापुढे वाणाचा, म्हणजे त्या जिवाणूच्या नेमक्या उपप्रकाराचा, कोड: एचएन019, बीबी-12 असा. कोड छापलेला नसेल तर पाकीट परत ठेवा, कारण एका वाणाचा गुण दुसऱ्याला असेलच असं नाही. मात्रा दिवसाला 100 ते 1000 कोटी सीएफयू, म्हणजे जिवंत जिवाणू. ‘फ्रिजमध्ये ठेवा’ लिहिलं असेल तर गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेलं पाकीट फुकट गेलं समजा.

सुरुवात करण्याआधी चालू गोळ्या तपासा. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा कोडीनच्या (खोकल्यावर, दुखण्यावर देतात ते) औषधानेच खडा होत असेल तर जिवाणू काय करणार? डॉक्टरांना विचारून आधी ते बदला.

मग 4 आठवडे रोज एकाच वेळी, जेवणासोबत घ्या. गरम चहाबरोबर नको. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत 2-3 तासांचं अंतर ठेवा. पहिल्या आठवड्यात गॅस, गुडगुड होते. ती बहुधा आपोआप कमी होते. कॅलेंडरवर रोज खूण करा: शौचाला झाली की नाही, आणि कशी. शेळीच्या लेंड्यांसारखी म्हणजे 1, केळ्यासारखी मऊ म्हणजे 4. ब्रिस्टल तक्त्यातले हेच आकडे डॉक्टरही वापरतात. याच काळात इसबगोल नव्याने सुरू करू नका, नाहीतर गुण कशाचा आला ते कधीच कळणार नाही.

घरचं दही जरूर खा, पण औषध समजून नको. विरजणात नेमके कोणते जिवाणू आहेत ते कोणी मोजलेलं नसतं, आणि त्यातले बरेचसे जठराच्या आम्लात मरतात. कढी उकळली की उरलेलेही गेले. ताक मात्र निदान पाणी तरी पोटात घालतं.

अपेक्षा माफक ठेवा. काही चाचण्यांत आठवड्याला शौचाची संख्या थोडी वाढली. पण 2024 साली छापून आलेल्या, चीनमधल्या 229 प्रौढांवरच्या 8 आठवड्यांच्या चाचणीत एचएन019 आणि तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली नकली पुडी यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणून 4 आठवड्यांत कॅलेंडर बदललं नाही तर पैसे वाचवा आणि इसबगोलकडे वळा: 1 चमचा भुसा, पूर्ण पेलाभर पाणी, ढवळलं की लगेच प्या. पाणी कमी पडलं तर भुसा आतच फुगून बसतो आणि अडचण वाढते.

केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी डॉक्टरांशिवाय प्रोबायोटिक घेऊ नये. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, उलट्या, किंवा पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेलं बद्धकोष्ठ असेल, तर 4 आठवडे थांबायचंच नाही. थेट तपासून घ्यायचं.