कूलंटचा रंग नको, डबा वाचा

‘हिरवा होता, हिरवाच टाका’ असं म्हणून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, भरलं जातं. पण रंग कंपनीगणिक बदलतो, त्यावरून प्रकार कळत नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार डब्यावर छापलेला आहे का, तेवढं बघा.

दुसरी गोष्ट, डबा ‘रेडी टू यूज’ आहे की ‘कॉन्सन्ट्रेट’? रेडीमध्ये पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेटमध्ये बहुधा निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतो तेच. बोअरचं पाणी अजिबात नको, रेडिएटरमध्ये क्षार बसतात.

बदलताना:
१. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. मी एकदा घाई केली, मनगटावरचा डाग अजून आहे.
२. रेडिएटरच्या खालचा ड्रेन (निचऱ्याची तोटी) उघडून जुनं कूलंट घमेल्यात काढा.
३. ड्रेन बंद करून नवं हळूहळू ओता. मग हीटर फुल गरमवर ठेवून रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. गार झाल्यावर पातळी कमी दिसली तर कूलंटच्या टाकीत ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये आणा.

तारीख, किलोमीटर आणि प्रकार चिकटपट्टीवर लिहून बॉनेटच्या आतून लावून टाका.

घमेलं मात्र उघडं सोडू नका. कूलंट गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विषारी असतं.